बयाबाईची खुरासणी

बयाबाईला नाशकात सगळं मिळालं, पण खुरासणीचं तेल काय तोंडाला लागलं नाय.

घोटीच्या पलीकडं डोंगराच्या उताराला तिचं वावर. खाली भात, वर खुरासणी, म्हणजे कारळं. पिवळी फुलं आली का बया बांधावर नुसती बघत बसायची. दिवाळी सरली का बी घेऊन घोटीच्या घाण्यावर, न् येताना डबा भरून तेल. नागलीची गरम भाकर, वर ते तेल न् मीठ. दुसरं कालवण तिला लागायचंच नाय. तिकडच्या थंडीत खोबरेल दगडावाणी व्हायचं, हे मातर पातळच. ती म्हणायची, माझं तेल थंडीला बी घाबरत नाय.

दोन हजार एकला मालक गेले. एकुलता धनराज कंपनीत होता, त्यानं आईला गंगापूर रोडच्या घरी आणलं. सून स्नेहल पोटुशी होती. तेवढ्यात बयाच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, पिशवीच काढली. डॉक्टर बोलले होते, थोडे दिवस तेलतूप कमी द्या. घरात ते कायमचंच बंद झालं. स्नेहल पाण्यावर भाजी शिजवायची न् बया मुकाट खायची. खाऊन बी पोट भरल्यासारखं वाटायचं नाय. आणखी काय मागावं ते तिला कळायचं नाय.

असं दोन-तीन वर्षं चाललं. टाचा फुटल्या, अंगाचा कोंडा निघायला लागला. एक दिवस दिवेलागणीला बया दाराची चौकट चाचपडत म्हणाली, "लाईट गेली का गं?" लाईट तर चालू होती. स्नेहलनं रोज गाजर किसून द्यायला घेतलं. काय फरक नाय.

मग एका डॉक्टरीणबाईकडं नेलं. तिनं काय काय खाता ते विचारलं न् कपाळाला हात लावला. गाजरातला डोळ्याचा गुण तेलात विरघळतो, तेलच नाय तर तो आतड्यातून अंगात जाणार कसा, म्हणाली. पित्त म्हणजे साबण समजा. ताटाचं तेल साबणानं कसं बारीक फुटतं, तसं पित्त पोटात तेल फोडतं. पिशवी काढली तरी लिव्हरमधून थोडं थोडं येतंच. कातडीला, मेंदूला, सगळ्या अंगाला चरबी लागते. डालडासारखं गोठलेलं नको, पातळ तेल द्या, बेतानं. वर गोळ्या दिल्या.

धनराज त्याच रविवारी घोटीला गेला न् खुरासणीचं तेल घेऊन आला. स्नेहलनं नागलीची भाकर केली, वर तेल सोडलं. बयानं ताट जवळ ओढलं, बघितलं, न् परत सारलं.

"नको. देवीला सोडलंय मी ते."

तेव्हा कळलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं नवस केला होता. नातवंडाचं तोंड दाखव, खुरासणीला जन्मभर तोंड लावणार नाय. नात झाली, तृप्ती. आता शब्द कसा फिरवायचा?

धनराज चिडला, डॉक्टरीण तेल खा म्हणते न् तू हे काय घेऊन बसली. बया हसली. "मग शेंगदाण्याचं घाल की. डॉक्टरणीला तेलाशी मतलब, देवीला खुरासणीशी. दोघी खूश."

शेंगदाण्याच्या तेलानं न् गोळ्यांनी डोळे सुधारले, टाचा भरल्या. जीव मातर तिकडंच. तृप्ती जेवायला बसली का तिच्या भाकरीवर बया आपल्या हातानं खुरासणीचं तेल सोडायची न् विचारायची, कसं लागतं, घशात जरा खवखवतं का? पोरगी हो म्हणाली का बया आवंढा गिळायची.

दोन हजार नऊला बया अंथरुणाला खिळली. अन्न तुटलं. स्नेहलला राहवलं नाय. वाटीत थेंबभर खुरासणी घेऊन ती उशाशी बसली. "आई, बोटभर चाटा. देवी काय रागवणार नाय."

बयानं मान हलवली. पण स्नेहलचा वाटीचा हात धरून नाकाशी नेला न् डोळे मिटून लय वेळ वास घेतला.

"वासाचं काय बोलले नव्हते मी तिला," म्हणाली.

दोन दिवस ती वाटी तिच्या उशाशीच होती, कोणी उचलली नाय.