आठ वाजून नऊ मिनिटं

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या फोनवर्गाची सहल शिरगावच्या किल्ल्यावर गेली. वर्गातल्या कमळामावशींना सोडून गेली... तो निर्णय माझा होता.

सरावलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी साठीच्या पुढच्या लोकांसाठी आम्ही वर्ग घेतो. फोन कसा वापरायचा, गॅसचं बुकिंग कसं करायचं, फसवणुकीचे कॉल कसे ओळखायचे वगैरे. मी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर आहे, त्यामुळे वेळापत्रक, याद्या, सूचना हे सगळं आपोआप माझ्याकडे आलं.

कमळामावशी वर्गातल्या सगळ्यात चिकाटीच्या विद्यार्थिनी. जन्म किनाऱ्यावरचा, आयुष्यभर मासळी विकली, आता एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे राहतात. व्हॉइस मेसेज पाठवायला त्या तीन रविवार शिकल्या. बोट सुटायचं, मेसेज अर्धाच जायचा, त्या परत सुरुवात करायच्या.

शिरगाव हे त्यांचं माहेर. आईच्या घराच्या वाटणीवरून भावाशी बिनसलं, तेव्हापासून सात वर्षं त्या तिकडे गेल्या नव्हत्या. तो बोलवत नव्हता आणि या बोलावल्याशिवाय जाणार नव्हत्या.

सहल जाहीर झाल्यावर त्यांनी मला तीनदा विचारलं, "शिरगावच ना?" मी तीनदा हो म्हणाले. का विचारतायत, ते मी विचारलं नाही. त्यांच्या सुनेने भावाच्या मुलीला फोन करून नुसतं कळवलं होतं, की वर्गाची गाडी येणार आहे. म्हणजे कोणी बोलावलं नाही आणि कोणी आपणहून गेलं नाही... सहलच आली. हे सगळं मला नंतर कळलं.

ग्रुपवर मी दोन सूचना टाकल्या होत्या. गाडी आठला सुटेल. सहलीबद्दल जे काही असेल ते ग्रुपवरच टाका, मला वेगळे फोन करू नका.

आठला सतरा जण गाडीत होते, मावशी नव्हत्या. सावेकाका म्हणाले, "थांब की गं पाच मिनिटं. आता आम्हाला कुठं कंपनीत पंच मारायचाय?" सगळे हसले. मी म्हणाले, एकीसाठी सतरा जणांनी थांबायचं नाही. आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

किल्ल्याच्या दारापाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. गाडीतून उतरणारा प्रत्येक चेहरा ते बघत होते. शेवटचा माणूस उतरला तरी त्यांनी गाडीत वाकून पाहिलं.

मग मला विचारलं, "कमळा नाय आली?"

मी म्हणाले, "नाही, त्या आल्या नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. माझ्या हातात हजेरीची यादी होती. कोण होते ते, हेसुद्धा मी कोणाला विचारलं नाही.

परतताना उमरोळीच्या आसपास मी ग्रुप उघडला. तो मी म्यूट केलेला असतो, कारण रोज सकाळी तिथे गुलाबांचे फोटो येतात. बाकीच्यांनी बॅटरी वाचवायला नेट बंद ठेवलं होतं. सात बावन्नला आलेला मावशींचा व्हॉइस मेसेज कोणीच ऐकला नव्हता.

"पोरी, बेकरीवाला आठला शटर उघडतो. दादाला खारी घेते. माहेरी रिकाम्या हातानं कशी जाऊ? जरा गाडी थांबव."

पूर्ण मेसेज. कुठेही तुटला नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. खारीची पिशवी टेबलावर तशीच होती. त्या स्टॉपवर पोचल्या तेव्हा आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती. फोनमध्ये बघितलं, म्हणाल्या. तेही वर्गातच शिकवलं होतं.

"मला फोन का नाही केलात?"

"तूच बोललीस ना, फोन करू नका म्हणून."

गाडी चुकल्याचा त्यांना राग नव्हता. "तुझी गाडी टायमावर गेली, त्यात तुझी काय चूक नाय." मग मी किल्ल्यावरच्या गृहस्थांबद्दल सांगितलं, आणि मी काय उत्तर दिलं तेही.

"आली नाय, असं बोललीस?"

मी म्हणाले, उद्या रजा टाकते, आपण दोघी रिक्षाने जाऊ. त्यांनी मान हलवली. "आता नको. सगळ्यांसंगती आले असते, ते वेगळं होतं."

माझ्या उत्तरात एकही शब्द चुकीचा नव्हता. त्या आल्या नाहीत, हे खरंच होतं. पण त्यांच्या भावाने ऐकलं, की तिला यायचं नव्हतं... आणि ते मीच ऐकवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी एकटी शिरगावला गेले. किल्ल्याच्या दारापाशी भेटलेले ते गृहस्थ, म्हणजे मावशींचे भाऊ, ओटीवर जाळं विणत बसले होते; मी त्यांना मामा म्हटलं. मी सांगितलं, त्या येणार होत्या, तुमच्यासाठी खारी घ्यायला बेकरीत थांबल्या, आणि आम्ही त्यांना सोडून निघालो.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "खारी? मला दात कुठं राहिलेत आता खारी खायला..."

मग म्हणाले, "तिला सांग..." आणि तिथेच थांबले. मी वाट पाहिली. या वेळी घड्याळ बघितलं नाही. पण पुढचं वाक्य आलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "परत कधी येणार तुमची गाडी?"

पुढची सहल अजून ठरलेली नाही. शिरगावला एकदा जाऊन आलो, परत तिथेच कशाला, असं बाकीच्यांचं म्हणणं आहे. मामांनी काय विचारलं ते मी मावशींना सांगितलं. "बरं" म्हणाल्या. तीन रविवार झाले, त्या वर्गाला आलेल्या नाहीत.

ग्रुप मी आता म्यूट केलेला नाही. रोज सकाळी गुलाब येतात, मी एकेक उघडून बघते... त्यात मावशींचा नसतो.