तारवडेकरांचं सुतक

शाहूवाडी तालुक्यात तारवडे नावाचं गाव आहे. ते सोडून आलेल्या निरनिराळ्या घरांनी तारवडेकर आडनाव लावलं. त्यातल्या एका घरात न्यायमूर्ती झाले, दुसऱ्यात नावाजलेले गवई, आणि तिसऱ्यात आमचे नृसिंहराव.

नृसिंहराव मंगळवार पेठेत माझे शेजारी. एका कचेरीत कारकून. स्वतः काडी न हलवता मोठं व्हायची त्यांना फार हौस. कोणी नाव विचारलं की नुसतं आडनाव सांगायचे आणि समोरचा ‘न्यायमूर्तींचे कोण?’ असं विचारेपर्यंत वाट बघायचे. मग म्हणायचे, ‘पुतण्या.’

चौऱ्याहत्तर साली न्यायमूर्ती वारले. ह्या गृहस्थांनी दहा दिवस सुतक पाळलं, डोकं भादरलं आणि रजेच्या अर्जात ‘चुलत्यांचे निधन’ असं लिहिलं. दोन्ही घरांचं गोत्र निराळं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी बोललो नाही. मी कुठेच बोलत नाही.

दोन वर्षांनी न्यायमूर्तींच्या सख्ख्या पुतण्याचं स्थळ नृसिंहरावांच्या सरोजिनीला आलं. मुलगा शिरोलीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघांनी एकमेकांना एका लग्नात पाहिलं होतं, पसंती होती. आडनाव एक असलं तरी गोत्र वेगळं, तेव्हा अडचण नाही, असं मुलाकडच्यांनीच कळवलं.

बघायला आले तेव्हा शेजारी म्हणून मी हजर होतो. पोहे झाले. मुलाची आई, माई, हळूच म्हणाल्या की आमच्या दिरांचं सुतक तुम्ही पाळलंत असं कानावर आलं. सुतक पाळतात भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही. तेवढा उलगडा करा.

‘उगाच पाळलं’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. दाराशी उभी सरोजिनी म्हणाली, “बाबा, खरं काय ते सांगा की.”

नृसिंहरावांनी मान ताठ केली. “खोटं सुतक कोण पाळतं? रक्त एकच आहे आपलं.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

माईंनी मुलाकडे पाहिलं. मग उठून सरोजिनीला कुंकू लावलं. “आमच्याच घरची लेक निघाली ही,” त्या म्हणाल्या, आणि मुलाला म्हणाल्या, “पुतणीचा निरोप घे.”

खाली बघत तो ‘येतो’ म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

पाहुण्यांना पोचवायला नृसिंहराव कोपऱ्यापर्यंत गेले. परत येताना भेटेल त्याला थांबवून सांगत होते, न्यायमूर्तींच्या घरची माणसं आली होती, आमच्या सरोजला लेक म्हणाली.