नानांच्या टेपातल्या बांगड्या

आमचे मोटरनाना एक नंबरचे भित्रे. मंचरला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळक्या मोटरीत बिनदिक्कत हात घालणारा हा दांडगा गडी विहीर दिसली की दहा पावलं लांब उभा राही. आणि याच माणसाने भीतीची गाणी वाजवणारा बँड काढावा! "भ्यालेल्या माणसाला जास्त ऐकू येतं, राव," हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

बँडचं नाव 'पाताळ'. नव्वदीची मधली वर्षं. नाना, गायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि वायरी-माइक सांभाळायला टेलिफोन खात्यातला मी. जुना कीबोर्ड, दोन टेप आणि मोडक्या रेडिओंतून नानांनी बनवलेला, बटण दाबलं की कण्हणारा एक डबा. कुठल्या कंपनीने आम्हाला विचारलं नाही, आम्हीही कुणाच्या दारात गेलो नाही. कॅसेटी घरीच भरायचो.

नाना वाचनालयातून पुराणं आणि जुन्या पोथ्या आणून दुकानातच वाचत. वाचताना कपाळावर आठ्या पडल्या की समजावं, नवं गाणं येतंय. समुद्रमंथनासाठी त्यांनी पिंपरी पेंढारच्या गुऱ्हाळातल्या चरकाची करकर भरून आणली आणि इतकी संथ केली की डोंगरच फिरतोय असं वाटे. गुऱ्हाळवाल्याने ते ऐकून आम्हाला द्यायला काढलेला गूळ हातातच धरून ठेवला. नाना खूश! "बघा, मंथनातलं इष निघालं," म्हणाले.

मग त्यांच्या डोक्यात साती आसरा शिरल्या. पाण्यातल्या सात देवी. ऐन दुपारी पडक्या विहिरीवर जाऊ नये, त्या धरतात, असं आमच्या भागात अजून सांगतात. नानांना अशाच एका विहिरीच्या पोटातला आवाज पाहिजे होता, तोही बाराच्या ठोक्याला. पण कुठलाही आवाज न विचारता घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. काकूंनी आसरांच्या ओटीच्या हिरव्या बांगड्या आणि खण माझ्या शबनम पिशवीत घातला. "आधी वटी ठेव, मंग माइक सोड," नानांनी दहादा बजावलं.

आमचं घर निमगाव सावाचं, बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली. "जुन्या देवांफुढं हात जोडायचं न्हाई," हे मी कळू लागल्यापासून ऐकलेलं. नानांना हे सरळ सांगायला हवं होतं. त्यांनी ऐकलंही असतं. पण भिडेपोटी गप्प बसलो. दुपारी विहिरीवर नाना लांब उभे, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. मी कठड्यावरून वाकलो आणि दोरीला बांधलेला माइक खाली सोडला. "ठिवली का?" त्यांनी ओरडून विचारलं. "ठेवली," म्हणालो. बांगड्या शबनममध्येच होत्या. नंतर त्या घरी नेता येईनात, टाकवेनात, म्हणून ऑफिसातल्या हत्यारांच्या पेटीत दडवल्या.

ते गाणं आमचं सगळ्यात गाजलं. खोल घुमणारं पाणी, काकूंचा सूर, आणि मध्येच अगदी बारीक किणकिण. मला वाटे, ती नानांनी मागून कीबोर्डवर घातली असणार. मंचरच्या कार्यक्रमात त्या किणकिणीला एक बाई पोराला उचलून चालती झाली.

तीन महिन्यांत नानांच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, मग उजव्या. पुण्याच्या डॉक्टरांनी शीर सुकलीय म्हणून सांगितलं. काकूंनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, वटी नीट ठिवली व्हती ना?" मी हो म्हणालो. मी आसरा मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण त्या दिवसापासून मला भीती बसली ती बसलीच. नाना "काय म्हणलास?" असं विचारत, तेव्हा मी वाक्य तिथंच सोडून कामाला लागायचो.

बँड मोडला. पुढे नाना ठार बहिरे झाले. मोटर चालू आहे का हे तळहात ठेवून ओळखू लागले. सात-आठ वर्षं मी ते ओझं वागवलं. शेवटी एका सकाळी दुकानात गेलो आणि त्यांच्या वहीत लिहिलं, 'ओटी ठेवली नव्हती. बांगड्या पिशवीतच होत्या. माफ करा.'

नानांनी चष्मा लावून वाचलं. "ठावं हाय," म्हणाले. "तू वाकलास तवा पिशवी आत लोंबली आसनार. टेपात वाजत्यात की त्या. मी तवाच ऐकल्या."

 मी लिहिलं, 'मग बोलला का नाहीत?'

"बोललो असतो तर तू बँड सोडला असतास. आन् आवाज लई झकास व्हता, राव! दुसरा कुठून आणायचा?"

'भीती नाही वाटली?'

"रोज वाटली," नाना म्हणाले.

त्यांनी ती कॅसेट काढून टेपात घातली, आवाज मोठा केला आणि स्पीकरवर तळहात टेकवला. पाणी घुमू लागलं. काकूंचा सूर आला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाजल्या का?"

त्याच क्षणी किणकिण झाली. मी मान हलवली, आणि नानांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.