मावशींचा पगार आणि माझी फी

कौसल्यामावशी काल गेल्या. केस जिंकली होती, पण पगार मिळाला नाही.

त्याला सरकारइतकीच मी जबाबदार आहे.

मी पुसदला वकिली करते. मावशी आर्णीकडच्या. नवरा लवकर गेला, आयुष्य दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेलं. म्हातारपणी सरकारच्या निराधार योजनेचा पगार, म्हणजे पेन्शन, सुरू झाला, आणि एक दिवस अचानक बंद पडला.

का, तर सरकारी कागदावर त्यांना कमावता मुलगा निघाला. मावशींना एकच लेक, रेखा, उमरखेडला दिलेली.

"मॅडम, माहा पोरगा कुठं सापडला, मलेई दाखवा," असं म्हणतच त्या पहिल्यांदा ऑफिसला आल्या. मी हसत हसत केस घेतली.

फी घेतली नाही. जिंकलो तर कोर्ट सरकारला खर्च द्यायला लावेल, त्यात माझी फी निघेल, असं सांगितलं.

नागपूरला हायकोर्टात जिंकलो. पगार सुरू करा, थकबाकी द्या, वर केसचा खर्चही द्या.

अशी खर्चाची ऑर्डर आमच्याकडे क्वचित मिळते. मी बाररूममध्ये पेढे वाटले. स्टेटस ठेवलं, तुम्हीच किती जणांनी अभिनंदन केलंत.

मग सरकारी ऑफिसातून निरोप आला. थकबाकी तयार आहे, फक्त खर्च सोडल्याचं लिहून द्या. नाहीतर साहेब पुन्हा कोर्टात जातील आणि सगळंच अडकेल.

माझं डोकं फिरलं. चूक यांची, हेलपाटे आमचे, आणि खर्च मी सोडायचा? मग उद्या गरिबाची केस घेणार कोण?

हे सगळं मी मावशींना ऐकवलं. चांगलं तावातावाने.

त्या म्हणाल्या, "मले दवाईले पैसे लागून राह्यले मॅडम. पण तुमी म्हणान तसं करू."

मी फक्त दुसरं वाक्य ऐकलं.

साहेब खरंच कोर्टात गेले. सगळ्या ऑर्डरवर स्टे आला. तारखा पडत राहिल्या.

मावशी फोन करायच्या. आधी जयभीम, मग माझ्याच तब्येतीची चौकशी. पगाराचं कधी विचारलं नाही. किती समजूतदार बाई, असं मला वाटायचं आणि मी निवांत फोन ठेवायचे.

काल अंत्यविधीला गेले तेव्हा शेजारणीकडून कळलं, बीपीची गोळी त्या अर्धी करून खायच्या. पुरवून पुरवून. मग लकवा मारला.

तत्त्वाचा प्रश्न आहे, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तत्त्वाचा होताच. पण फी माझी होती आणि हट्टही माझाच. गोळ्या तेवढ्या मावशींच्या अर्ध्या झाल्या.

आज सकाळी कोर्टात खर्च सोडल्याचा अर्ज दिला. निदान थकबाकी तरी रेखाला मिळावी. दोन ओळींचा अर्ज आहे. तेव्हाही एवढाच होता.

काल निघताना रेखा गाडीपर्यंत सोडायला आली. वाटलं, आता मला बोलेल. बोललीच तर बरं, असंही वाटलं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमची फी भेटली का? माय सारखी इचारे."



मावशी, शेवटचा जयभीम.

तुमचं ते पहिलं, दवाईचं वाक्य आज ऐकू आलं.