अशोकचा विषय, माझा विषय

अशोकला नकार माझ्या बहिणीने दिला नव्हता. तो मी दिला, तिच्या नावाने. हे मी आजवर आपणहून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि अशोकला तर नाहीच. गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये त्याच्या पुतण्याचा फोन आला, "सर, काका गेले... सकाळी उठलेच नाय." तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की आता त्याला कधीच कळणार नाही. रडू नंतर आलं. सुटल्यासारखं आधी वाटलं. ते वाटलं म्हणूनच हे लिहायला बसलोय.

अशोक सापगावचा, मी शहापूरचा. मुरबाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकवायचा आणि मी मानसशास्त्र. टाइमटेबलात दोन्ही विषय एकाच तासाला, मुलांनी कुठला तरी एक निवडायचा. त्यामुळे दर जूनमध्ये मुलांसाठी आमची ओढाताण आणि वर्षभर एकाच डब्यात जेवण. "झोप का उडाली ते कळायचं असेल तर याच्या वर्गात जा," तो मुलांना सांगायचा, "उडाल्यावर वागायचं कसं, ते मी सांगतो." वर्षातून एकदा आम्ही दोन्ही वर्ग एकत्र बसवून वाद घालायचो : प्रेम कुणाच्या विषयाला जास्त कळतं? मी फळ्यावर लिहायचो, लहानपण, सवय, आधाराची गरज. तो म्हणायचा, "हे सगळं आपल्यापुरतं झालं. समोरचं माणूस कुठंय यात? समोरच्याने नाही म्हटलं तर ते शेवटपर्यंत ऐकून घेणं, हेसुद्धा प्रेमच." एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, दोघं हो बोलले, पण घरचे नाय बोलले तर? ते कुठल्या विषयात येतं?" वर्ग खदखदला. "ते आम्ही दोघांनी ऑप्शनला टाकलंय गो," अशोक म्हणाला आणि हसता हसता त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा आम्ही तिशीत होतो, आणि दर रविवारी तो आमच्या घरी यायला लागला होता.

सुनंदा माझी धाकटी बहीण, शहापूरला शाळेत शिकवायची. एक दिवस भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "दादा, अशोकसरांनी विचारलंय. मी हो म्हणणार आहे. आईचं तू बघ." मी म्हणालो, "थांब, आधी मी बोलतो त्याच्याशी." घरातल्या थोरल्याने बोलणी करायची ही आमच्याकडची रीत, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुरबाड स्टँडवर चहा पिताना मी त्याला म्हणालो, "ती मानते रे तुला, पण ते प्रेम नाय. आमचे वडील लवकर गेले. ती तुझ्यात त्यांनाच शोधतेय." त्याने कप खाली ठेवला. "हे ती म्हणाली, की तुझा विषय म्हणतोय?" मी म्हणालो, "तीच म्हणाली. तोंडावर सांगायला अवघडतेय." तो उठून चहाचे पैसे देऊन आला. मग म्हणाला, "तर मग तिला परत विचारून त्रास देणार नाय मी."

अशोक बौद्ध, आम्ही कुणबी. हे शब्द त्या दुपारी मी उच्चारलेसुद्धा नाहीत. गरजच पडली नाही, विषय होता ना हाताशी! नाही ऐकल्यावर हा माणूस पुन्हा विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तो स्वतःच्या शिकवण्याप्रमाणे वागला. सुनंदाला मी सांगितलं, त्याचा विचार बदललाय. "मग स्वतः का नाय आले सांगायला?" तिने विचारलं. मी म्हणालो, लाजतोय. पुढे तिला टोकावड्याला दिलं. घर चांगलं मिळालं, हे मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल... अशोक लग्नाला आला, पंगतीला बसला, वाढप्यांची थट्टा केली. त्याने स्वतः लग्न केलं नाही.

मागच्या दिवाळीत शहापूरला भेटलो, ती शेवटची भेट. तो म्हणाला, "तू तेव्हा सांगितलंस ते मी अजून घोळवतोय. समजा, दिसले तिला माझ्यात वडील. दिसू देत की! तेवढ्याने ते प्रेम कसं नाही?" मी कपातला चहा संपवला. तो पुढे म्हणाला, "आणि चूक माझीच रे. एकदा तरी तिला परत विचारायला पाहिजे होतं. आदर आदर म्हणत घाबरलो मी." तो माझ्या शेजारी बसला होता. एका वाक्याचं काम होतं. मी विचारलं, "अजून चहा घेणार?"

सापगावला अशोकच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे दिवसकार्याला, सुनंदा माझ्याबरोबर आली. वंदना झाल्यावर ती अशोकच्या आईच्या पाया पडायला वाकली, तशी म्हातारीने पाय आखडून घेतले. "आता कशाला आलीस गो? माझा पोरगा होता तवा तू नाय बोललीस."

सुनंदा वाकलेलीच राहिली. "मी कधी नाय बोलले, आई?" असं म्हणताना तिची मान म्हातारीकडे नव्हती, माझ्याकडे वळली होती. खुर्च्यांवरची माणसं थांबली. मी चष्मा पुसत बसलो, लोकांना वाटलं, मित्र गेल्याचं दुःख.

परतताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "दादा, मी तुला काय म्हटलं होतं?"

"हो म्हणालीस."

"मग?"

मुरबाड येईपर्यंत मी नुसती गाडी चालवली. तिला टोकावड्यापर्यंत सोडणार होतो. स्टँडपाशी तिने गाडी थांबवायला लावली, उतरली आणि माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत जाऊन बसली. त्यानंतर तिने फोन उचललेला नाही.

कोणत्या विषयाला प्रेम जास्त कळतं, हा वाद आता मी एकट्याने घालत नाही. अशोकच्या आईचा अजूनही समज आहे की तिच्या मुलाला सुनंदाने झिडकारलं. सापगावला जाऊन, तिच्यासमोर जमिनीवर बसून मला तिला सांगायचंय, की सुनंदा हो म्हणाली होती, नाही मी म्हटलं, आणि जातीमुळे म्हटलं. ते अजून सांगितलेलं नाही.