ओळखीचा कोट

आमच्या इमारतीतली माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलायला मला जमणार नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकामाच्या शिक्षिका होत्या. फाटलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, म्हणून सगळी इमारत त्यांना रफूताई म्हणते. निवृत्त झाल्यावर आमची कचराकुंडी त्यांच्या डोळ्यांत सलायला लागली. धडधाकट खुर्च्या, चालू इस्त्र्या, मुलांचे एकदोनदा घातलेले बूट, सगळं सकाळच्या गाडीत चिरडून जायचं. ताईंनी सेक्रेटरींचा पिच्छा पुरवून पाण्याच्या पंपाशेजारची रिकामी खोली मिळवली, फळ्या ठोकून घेतल्या आणि दारावर पाटी लावली: ‘नको ते ठेवा, हवं ते न्या.’

लोकांनी पाटी अर्धीच वाचली. भांडं नसलेला मिक्सर आला, एका पायाची चप्पल आली, कोणीतरी वारलेल्या सासऱ्यांची कवळीसुद्धा ठेवून गेलं. मग ताईंनी नियम केला, वस्तू दारातच चालवून दाखवायची, चालली तरच आत. त्यावर लोक रुसले. फुकट द्यायलाही परीक्षा द्यावी लागते म्हणाले. तरी खोली चांगल्या वस्तूंनी भरली आणि भरलेलीच राहिली, कारण न्यायला कोणी येईना. ताई घरोघरी फिरल्या. प्रत्येक दारात एकच उत्तर, “आम्हाला काही नको हो. द्यायचं मात्र खूप आहे, कधी आणू?”

न्यायला एकच जण आली, तिसऱ्या मजल्यावरची नर्स. तिने लेकीसाठी एक निळा लोकरी कोट नेला. मुलगी तो घालून लिफ्टमध्ये शिरली, तर आत सेक्रेटरींची बायको.

“अगं बाई, हा आमच्या छोटीचा कोट,” ती भरल्या लिफ्टमध्ये म्हणाली. “बघा, कसा छान बसलाय हिला.”

कौतुकानेच म्हणाली. तेच तर माझं डोकं फिरवतं. दुसऱ्या दिवशी कोट धुऊन, इस्त्री करून खोलीच्या कडीला अडकवलेला होता. ताईंनी विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, “तिला गरम होतं त्यात.” बाहेर कडाक्याची थंडी होती.

त्यानंतर खोलीकडे कोणी फिरकलं नाही. वर्ष उलटत आलं तसं सेक्रेटरींनी बजावलं, “ताई, इथली एक वस्तू हलत नाही. पंपवाल्याला सामान ठेवायला जागा हवी आहे. या वार्षिक सभेत काय तो निकाल लावू.” ताईंची झोप उडाली. दिवसभर त्या माझ्याकडे येऊन लोकांच्या नावाने खडे फोडायच्या. मीही त्यांची री ओढायचे.

सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, तर ओट्यावर कोरीकरकरीत किटली. खोका अजून बाजूलाच.

“जुनी बिघडली गं,” त्या म्हणाल्या.

“ताई, खाली तीन किटल्या आहेत. तुम्हीच तपासून घेतल्यात.”

“त्या लोकांसाठी आहेत.”

“कोणत्या लोकांसाठी?”

त्या ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच ओटा परत पुसला. मग म्हणाल्या, “त्यातली चांगली आहे ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्या येतात माझ्याकडे चहाला. ओळखतील.”

मी गप्प राहायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. “नर्सच्या लेकीचा कोटही ओळखलाच की,” मी म्हटलं. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही. घरी आले तेव्हा आठवलं, मी तरी तिथून साधा चमचा कुठे उचलला होता?

सभेला ताई आल्या त्या अंगात पोपटी स्वेटर घालून. छातीवर मोठं पिवळं फूल. तो सेक्रेटरींच्या बायकोने खोलीत दिलेला, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

“हा माझा ना?” तिने विचारलं.

“होता,” ताई म्हणाल्या. “उबदार आहे.”

लोक हसले. ताईंना वाटलं, आता गाडी रुळावर येईल. मलाही वाटलं. मग सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले आणि पंपवाल्याच्या बाजूने भराभर हात वर गेले. डॉक्टरीणबाईंचाही गेला. माझा संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सामान बाहेर काढत होतो. सगळं जिन्याखाली मांडलं होतं, संध्याकाळी भंगारवाला येणार होता. ताई अजून त्याच स्वेटरमध्ये होत्या. तेवढ्यात नर्स ड्युटीवरून परतली. स्वेटरकडे पाहत उभी राहिली. मग तिने ढिगातून निळा कोट ओढला, बाही आपल्या हाताला लावून पाहिली.

“आता आखूड होईल तिला,” ती म्हणाली आणि कोट खाली ठेवायला लागली.

ताईंनी तो तिच्या हातातून घेतला, बाही उलटी केली. “आत दुमड आहे चांगली. सोडून देते मी. फक्त घडीची रेघ राहील, ती काही जात नाही. कळेल बघणाऱ्याला की जुना आहे.”

नर्सने त्या घडीवरून बोट फिरवलं.

“कळू दे,” ती म्हणाली.

ताईंनी पिशवीतून उसवणी काढली आणि तिथेच, शेवटच्या पायरीवर बसून टाके सोडायला घेतले. पंपवाला कुलूप घेऊन आला, त्याला वाट द्यायला त्या थोड्या सरकल्या. मी किटली उचलली, डॉक्टरीणबाईंची, आणि लिफ्टने वर घेऊन गेले.