आरूचा उपास

खोटं कशाला बोलू, तेव्हा मी देवीवर चिडलेच होते. पाच वर्षांच्या आरूला रक्ताचा कॅन्सर निघाला, कंधारचं घर बंद करून आम्ही नवरा-बायको तिला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात येऊन पडलो. मी माहूरच्या रेणुकाईला नवस बोलले, लेकरू बरं होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, दूध-केळीवर राहीन. नवस कसला, हट्टच तो! हे म्हणाले, 'अगं, तूच आडवी पडशील.' पण माझ्यापुढं कुणाचं चालतंय?

औषधांनी आरूचे केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटसुद्धा झोंबायचा. दहा-बारा दिवसांनी तोंड बरं झालं, तरी ती जेवेना. दूध प्यायची, गोळ्याही घ्यायची, पण घास समोर आला की ओठ घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, 'औषधानं भूक मरते. पण वजन असंच उतरलं तर पुढचा डोस लांबेल. उद्यापर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.' मी घास घेऊन तिच्यापुढं बसले. गोष्टी सांगितल्या, विनवण्या केल्या, एकदा तर हातही उगारला. त्याची लाज अजून वाटते.

दुपारी शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बिलोलीच्या एक मावशी आल्या. डबा उघडून मला म्हणाल्या, 'ये बाई, दोन घास खा.'

'माझा उपास हाय, मावशी.'

तशी आरू ताडकन उठून बसली. 'माझा बी उपास हाय!'

'आगं माय! तुझा कशापायी?' मावशींनी विचारलं.

'आई लई रडून राहिली ना. ती बरी झाली की मी जेवणार.'

मी डोकंच धरलं. सगळे औषधाला दोष देत होतो आणि लेकरू माझंच बघून शिकलं होतं. मावशी म्हणाल्या, 'आम्ही बौद्ध. आमच्यात नवस न्हाई, तुझ्या देवीचं मला ठावं न्हाई. पर कोणती आई लेकराला उपाशी ठिवून खूश व्हईल गं? आधी तू जेव.'

मी मनात हात जोडले. 'आई, नवस मोडते. पोर तुझ्या ओटीत घातली, आता तूच सांभाळ.' वरणभाताचा घास तोंडात घातला आणि रडूच फुटलं. आरू टक लावून बघत होती. पदरानं डोळे पुसून हसले.

'बरी झालीस?'

'झाले गं माझे आई!'

'मग मला बी दे. लोणचं पण!'

लोणचं नाही मिळालं, पण वाटीभर भात गेला. नळी लागली नाही, डोस वेळेवर मिळाला. मावशींना देवीनं धाडलं म्हटलं तर त्या मलाच रागावतील, म्हणून ते मी माझ्यापाशीच ठेवते.

उपचार संपले, आता फक्त तपासण्या आहेत. गेल्या महिन्यात माहूरच्या पायऱ्या आरू माझ्यापुढं पळत चढली. देवीपुढं उभी राहिले तर मागायचं काही सुचेना. पुजाऱ्यांनी विचारलं, 'नवस फेडायला आलात?'

'नाही महाराज,' मी म्हणाले, 'मोडलेला सांगायला आले.' आणि भरल्या पोटानं, हसत, आईच्या पायाशी डोकं टेकवलं.